नीळ, गेरू आणि गुलाबी

‘टेककॉस, रोझा, ५, ४, ४०.’ ओळ किराण्याच्या वहीतली वाटते, पण ती आहे २००७ सालच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धेच्या नियमपत्रिकेतली. विद्यापीठाचं वेळापत्रक संगणकाकडून लावून घेण्याची ही स्पर्धा. तिच्या तिसऱ्या विभागातली माहिती इटलीतल्या उदिने विद्यापीठातली, अगदी खरी. नियम कळावेत म्हणून लुका दि गास्पेरो, बॅरी मॅक्कॉलम आणि आंद्रेआ शेर्फ यांनी चार विषयांचं एक लुटुपुटीचं उदाहरण जोडलं. मी त्या उदाहरणाच्या प्रेमात आहे.

ओळीचा अर्थ असा : विषय टेककॉस, शिकवणार रोझा, आठवड्याला ५ तास, ते किमान ४ दिवसांत वाटलेले, विद्यार्थी ४०. बाकीचे शिक्षक इंडाको, ओक्रा आणि स्कार्लात्ती. इटालियन शब्दकोश उघडला की गंमत कळते. इंडाको म्हणजे नीळ, ओक्रा म्हणजे गेरू, रोझा म्हणजे गुलाबी. स्कार्लात्तीतही लाल डोकावतोच. १९६७ साली वेल्श आणि पॉवेल यांनी दोन पानी टिपणात आलेख रंगवण्याची युक्ती वेळापत्रकाला जोडून दाखवली होती. प्रत्येक तास हा एक ठिपका. एका वेळी होऊ न शकणाऱ्या दोन तासांमध्ये रेघ. रेघेने जोडलेल्यांना एक रंग द्यायचा नाही. रंग म्हणजे वेळ. ज्याला सर्वांत जास्त रेघा, तो आधी रंगवा. (आमच्या कॉलेजात वेळापत्रक लावणारे सरही खोडरबर घेऊन बसले, की आधी प्रॅक्टिकलचे तास मांडत. आलेखाचं नाव त्यांनी ऐकलं नसावं.) शिक्षकांना रंगांची नावं देणाऱ्याच्या मनात हे होतं का? असावं, असं मला वाटतं.

पण खरा मजकूर दंडाच्या कोष्टकात आहे. काही अटी मोडताच येत नाहीत : एका खोलीत एका वेळी एकच तास, एका शिक्षकाचे किंवा एका वर्गाचे दोन तास एकदम नाहीत, आणि शिक्षक ज्या वेळी येऊ शकत नाही त्या वेळी त्याचा तास नाही. बाकीच्या अटी मोडता येतात, किंमत मोजून. खुर्ची न मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १. विषयाची खोली बदलली, तर प्रत्येक जादा खोलीमागे १. किमान दिवसांपेक्षा एक दिवस कमी पडला तर ५. आणि वर्गाचा तास एकटाच पडला, मागेपुढे त्याच वर्गाचा दुसरा तास नसला, तर २.

हे कोष्टक सावकाश वाचावं. रोझाबाईंचा एक तास ३२ जागांच्या खोलीत टाकला तर आठ जण उभे, दंड ८. त्यापेक्षा पाच तास तीन दिवसांत कोंबणं स्वस्त. एकट्या तासाचा दंड मात्र डोकी मोजत नाही. चाळीस जणांनी दुपारपर्यंत ताटकळायचं आणि दोघांनी उभ्याने ऐकायचं, भाव एकच! शिक्षकाची अडचण अटळ, विद्यार्थ्याची मात्र बरीचशी विकाऊ. यंत्र यातलं काहीच ठरवत नाही. ते फक्त बेरीज कमी करत राहतं.

याच स्पर्धेची २००२ची आवृत्ती शेजारी ठेवली की आणखी मौज. तिथे आठवड्याचे ४५ तास आणि दंड फक्त विद्यार्थ्यांच्या हालांवर : दिवसाचा शेवटचा तास, सलग दोनहून जास्त तास, किंवा दिवसभरात एकुलता एक तास. खोलीत सर्वांना जागा हवी, ही अट तिथे मोडता येत नव्हती. ती उदाहरणं संगणकाने रचलेली होती. उदिनेची खरी माहिती आली आणि नियमांत पहिल्यांदा कोणीतरी भिंतीला टेकून उभं राहिलं.

२००७चा तिसरा विभाग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या टोमाश म्युलर यांनी जिंकला. उदिनेच्या एकवीस उदाहरणांपैकी अकराव्याचा दंड शून्यावर आला. पहिल्याचा मात्र पाचाखाली उतरत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. नोटीस बोर्डावर लागणाऱ्या कागदावर हा पाच कुठेच लिहिलेला नसतो.