तिसऱ्या भाषेचा वाद आणि पहिलीतले मूल

मराठी समीक्षेला अंकलिपी दिसत नाही. हजार प्रतींच्या कादंबरीवर चार परीक्षणे येतात, कवितासंग्रहाच्या अर्पणपत्रिकेचीही चर्चा होते. पण राज्यातल्या लाखो मुलांच्या हातात जूनमध्ये जे पहिले पुस्तक पडते, त्याची साहित्य म्हणून दखल कोणी घ्यावी? वास्तविक कोणती वस्तू नाव घेण्याच्या लायकीची आणि कोणती नाही, कोणाचे घर म्हणजे घर आणि कोणाचे नुसते खोपट, हे सहा वर्षांच्या पोराला तिथेच कळते. आणि तेही कोणी न सांगता. म्हणून येथे पहिलीच्या वर्गाची समीक्षा करावयाची आहे. जून ते दिवाळी या पहिल्या सत्रात मुले चित्रे ओळखतात, बडबडगीते म्हणतात, अक्षरे गिरवतात, वीसपर्यंत मोजतात. इतके साधे काम. पण ते कोणाच्या शब्दांवर चालते?

बाजारातल्या जुन्या अंकलिप्या आठवून पाहा. ग गणपतीचा, भ भटजीचा, य यज्ञाचा, ऋ ऋषीचा. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या पिढ्यांनी भ गिरवला तो भटजीच्या चित्रावर बोट ठेवून. ज्या भटजीला त्यांची सावलीही चालत नव्हती त्याच्याच पोटातून त्यांचे अक्षर जन्माला आले! २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली, पाठ्यपुस्तके राज्याने हाती घेतली आणि हा भटजी पुष्कळ मागे हटला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. तिथे येऊन बसला तो नोकरदार मध्यमवर्ग. वर्तमानपत्र वाचणारे बाबा, ओट्यापाशी उभी आई, गोष्ट सांगणारी आजी, सुटीतला मामाचा गाव. यात दुष्टावा कोणाचाच नाही. लिहिणाऱ्याला स्वतःचे घर हेच जगाचे घर वाटले, एवढेच. प्रस्थापितांची सत्ता नेहमी अशीच चालते. ती ओरडत नाही.

आता हे पुस्तक पालघरात न्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या भागातले सुमारे ३७ टक्के लोक आदिवासी: वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर. किनाऱ्यावर मांगेली आणि वाडवळी बोलणारी घरे. आणि मधोमध बोईसर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने इथे मराठवाड्यातला बौद्ध मजूर आणला, उत्तर प्रदेश-बिहारचा कारागीर आणला, ओडिशाचा हमाल आणला. कंपनीच्या भोंग्यावर चालणाऱ्या चाळीतली ही पोरे आणि पलीकडच्या पाड्यावरली वारल्यांची पोरे एकाच बाकावर बसतात. बाईंनी 'हे काय?' म्हणून चित्र दाखवले, तर तीन भाषांत तीन उत्तरे तयार असतात. पुस्तकात उत्तर एकच. उरलेली दोन चूक ठरतात, म्हणजे दोन घरे चूक ठरतात.

या पार्श्वभूमीवर २०२५ सालचा वाद पाहावा. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासननिर्णय निघाला, १७ जूनला त्याची सुधारलेली आवृत्ती आली, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेण्यात आले. अडीच महिने महाराष्ट्र तिसऱ्या भाषेवर भांडला. सक्ती मागे गेली हे योग्यच झाले. पण त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती: मुलाची पहिली भाषा मराठी! तलासरीच्या वारली मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आहे. पुस्तकी मराठी तर आणखी लांबची. इंग्रजी पहिलीपासून आहेच. म्हणजे ज्या तिसऱ्या भाषेचे ओझे नको म्हणून शहरे पेटली, ते ओझे हे पोर कधीपासून मुकाट वाहते आहे. त्याच्यासाठी मोर्चा निघाला नाही. त्याआधी २०२४ मध्ये पहिलीच्या पुस्तकातल्या एका कवितेत इंग्रजी आणि हिंदी शब्द शिरले म्हणून असाच गहजब झाला होता. मराठी भ्रष्ट होते म्हणून हळहळणाऱ्यांना वारलीचा एकही शब्द त्या पुस्तकात का नाही, हे विचारावेसे वाटले नाही. शुद्धीचा सोस आपल्याकडे जुना आहे. माणसांनंतर तो शब्दांना लावला जातो.

कायद्याची अडचण म्हणावी, तर तीही नाही. राज्यघटनेचे ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगते की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्याने करावी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषाच म्हणतो. मात्र त्यानंतर २०२१ मध्ये आलेल्या 'निपुण भारत' मोहिमेने मोजमाप ठरवले ते असे: दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीच्या मुलाने किमान ६०. वाचता यावे याबद्दल वाद नाही. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा कोण कुठे उमटवून घेतो, हे सावकारीत पिचलेल्या या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. पण घड्याळ लावून शब्द मोजताना ते शब्द मुलाने कधी घरात ऐकले आहेत काय, हे कोणत्या रकान्यात भरायचे?

आणि खेदाची गोष्ट अशी की या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच जिल्ह्यात सापडले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरीची महागडी साधने परवडणार नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने केली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली, तिचे नावच कुरणशाळा. गरीब मूल 'गैरहजर' नसते, शाळाच गैरहजर असते, हे इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी दाखवले आहे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, खिचडी गेली, वजनकाटा गेला. बिया आणि खडे कोसबाडलाच राहिले.

परंतु कोसबाडकडेही भक्तिभावाने पाहून चालणार नाही. तिथली दृष्टी शेवटी बाहेरून आलेल्या ममतेची होती. मुलाला न्हाऊ घालायचे, वळण लावायचे, 'वर' आणायचे. ममता मोठी असेल, पण तीत एकाचा हात वर आणि दुसऱ्याचा खालीच असतो. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात मागणी याहून मूलगामी होती. शिक्षक कष्टकरी वर्गातूनच आला पाहिजे, मुलांत मिसळणारा पाहिजे. आणि शिकवायचे ते मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, जुजबी इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचे ज्ञान, नीती, आरोग्य. यात कोठेही दया नाही. मुलाच्या पोटाशी आणि हक्काशी थेट संबंध आहे. वारली शिक्षक, कातकरी शिक्षिका पहिलीच्या वर्गावर असणे, हा भाषेच्या प्रश्नाचा पहिला आणि रोकडा उपाय आहे. पाठ्यपुस्तक मंडळावरची नेमणूक नंतरची गोष्ट.

येथे आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मुलाला बोलीत शिकवाल तर ते पाड्यातच राहील. आम्हाला प्रमाण मराठी हवी, इंग्रजी हवी. बोईसरमधले किती तरी कार्यकर्ते पोटाला चिमटा काढून पोरांना इंग्रजी शाळेत घालतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार, ज्यांची मुले आधीच परदेशी गेली त्यांना तर मुळीच नाही. बोलीच्या नावाखाली निकृष्ट शाळा देण्याचा डाव असेल, तर तो उधळलाच पाहिजे. पण पहिलीतल्या मुलाने घरच्या भाषेत उत्तर दिले म्हणून ते वर्गात गप्प झाले, तर चौथीत ते शाळाबाह्य मुलांच्या यादीत सापडते. मग इंग्रजीही नाही आणि प्रमाण मराठीही नाही. घरची भाषा हा मुक्काम नव्हे, उंबरठा आहे. उंबरठा काढून घेऊन माडी बांधता येत नाही.

तडजोड म्हणून आजकाल शाळेच्या भिंतीवर वारली चित्रे काढतात. तारप्याभोवतीचा नाच, झोपडी, ताडाचे झाड. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर ही हौस वाढली. मूळची ही चित्रे लग्नाच्या चौकाची, बायकांच्या हातची. चौकात पालघट देवी, आणि धवलेरीची गाणी त्याला जोडलेली. भिंतीवर नाच आला, गाणे आले नाही. तारपा वाजवणारा माणूस भिंतीवर चालतो, त्याची भाषा खिडकीच्या आत चालत नाही. आदिवासी रंगवून घ्यायचा, ऐकून घ्यायचा नाही, असा हा सौंदर्यविचार आहे!

परिसर अभ्यासाचीही तीच गत. तारापूर म्हणजे देशातले पहिले अणुवीज केंद्र, १९६९ साली सुरू झाले, हे सामान्यज्ञानाचे उत्तर इथले पोर पटकन सांगते. पुढच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, हे त्याच पोराला घरात ठाऊक असते आणि वहीत लिहिता येत नाही. प्रश्नच तसा येत नाही. निबंधाला विषय येतात ते 'माझा आवडता सण', 'मी पाहिलेली सहल'. वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांमागे निम्मे वर्ष गाव सोडलेल्या मुलाने सहलीवर काय लिहावे? ते पाठ केलेली सहल लिहिते, आणि त्यालाच गुण मिळतात.

१८५५ साली फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मांग समाजातल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. तिचे वय चौदाच्या आसपास सांगतात. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने त्यात विचारला. विषय तिला कोणी फळ्यावर लिहून दिला असेल किंवा नसेलही. पण तिच्या शाळेत तो लिहिणे चूक ठरले नाही. बोईसरच्या चौथीतल्या वहीत या सहामाहीला कोणता निबंध आहे, तो एकदा आपल्यापैकी कोणी शिक्षकाने या पानांत जसाच्या तसा छापावयास पाठवावा. शुद्धलेखन सुधारू नये.