छापील लाटा आणि खरी खाडी

ठाण्यातल्या मॉलमध्ये किंवा डोंबिवली स्टेशनबाहेरच्या कपड्यांच्या गाड्यांवर सध्या एका विशिष्ट धाटणीचा टी-शर्ट हमखास दिसतो. मुद्दाम विटवलेला रंग, छातीवर माडासारखे झाड, मागे बुडता सूर्य, लाटेवर स्वार होण्याची फळी काखेत घेतलेली एक काळी आकृती. खाली कॅलिफोर्नियातल्या किंवा हवाईतल्या एखाद्या किनाऱ्याचे नाव आणि १९७० किंवा १९८०च्या दशकातले एखादे साल. तो घालणाऱ्या मुलाचा जन्म त्या सालानंतर कितीतरी वर्षांनी झालेला असतो. त्याच्या वडिलांच्या वयाच्या माणसांना मात्र तो पाहून आपले कॉलेजचे दिवस आठवतात. एकाच कपड्यावर दोन पिढ्यांचे स्मरणरंजन चालले आहे आणि दोघींपैकी एकीनेही तो समुद्र पाहिलेला नाही. ही आठवण नेमकी कुणाची, आणि तिने कोणत्या आठवणीची जागा घेतली, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी या कपड्याचे कूळ पाहू. फळीवरून लाटेवर स्वार होणे ही हवाई बेटांवरच्या लोकांची जुनी विद्या. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली ती जवळजवळ लोपली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सावरली आणि ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने ती जगभर नेली. कपडे त्यानंतर आले. वायानी गावातला एम. नी हा शिंपी १९५०च्या दशकात लाटांवर जाणाऱ्या पोरांना टिकाऊ चड्ड्या शिवून देत असे, इतकी त्याची सुरुवात साधी. १९६० साली ड्यूक बॉइड आणि डोरिस मूर यांनी कॅलिफोर्नियात ‘हँग टेन’ काढले, दोन इवल्या पावलांच्या भरतकामाचे. १९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या टॉर्की गावात ‘क्विकसिल्व्हर’ सुरू झाले. त्याच्या चिन्हातली लाट आणि डोंगर होकुसाई या जपानी चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रावरून सुचलेले. १९७२ साली जिम जेंक्स यांनी ‘ओशन पॅसिफिक’ला कपड्यांचे रूप दिले. फळी, आकृती आणि सूर्य ही आज सर्वत्र दिसणारी मांडणी जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्ड यांनी ‘द एंडलेस समर’ या चित्रपटासाठी केलेल्या भित्तिचित्राची वंशज आहे.

या इतिहासातली एक गोष्ट समीक्षकाने अधोरेखित करायला हवी. लाटांची गाणी गाऊन जगप्रसिद्ध झालेल्या ‘बीच बॉइज’ या गायकवृंदात प्रत्यक्ष लाटांवर जाणारा एकटा डेनिस विल्सन होता. कपड्यांचेही तेच. लाटांवर जाणारी माणसे नेहमीच मूठभर. या कंपन्या मोठ्या झाल्या त्या समुद्रापासून दूर राहणाऱ्या गिऱ्हाइकांवर. तेव्हा डोंबिवलीच्या मुलाला ‘तुला काय ठाऊक समुद्र’ म्हणून हिणवणे चुकीचे ठरेल. अमेरिकेच्या अंतर्भागातला मुलगाही हेच विकत घेत होता. न पाहिलेल्या किनाऱ्याची ओढ हा या कपड्याचा मूळचा माल आहे. म्हणूनच २०१५ साली ‘क्विकसिल्व्हर’ची अमेरिकेतली कंपनी दिवाळखोरीत गेली तरी नाव मेले नाही. नावे विकत घेऊन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे आज यातली कित्येक नावे आहेत. कारखाना संपतो; ओढ शिल्लक राहते आणि तिला भाव येतो.

ही ओढ आपल्याकडे दोन वाटांनी आली. एक वाट तिरुपूरची. परदेशी कंपन्यांसाठी तिथे विणलेल्या मालातले उरलेले, नाकारलेले कपडे मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर आणि तिथून लोकलने ठाणे-कल्याणपर्यंत पोचत. दुसरी वाट घरच्या अंगणातली, उल्हासनगरची. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरवले गेले. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हाती भांडवल नसताना या लोकांनी जो उद्योग उभारला, त्यात परदेशी वस्तूंच्या प्रतिकृती होत्या आणि पुढे जीन्सचा मोठा धंदाही. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण सर्वांनी केला आहे. त्या विनोदात एक तुच्छता आहे आणि ती आपल्याला दिसत नाही. या निर्वासितांपैकी बरेच जण कराची बंदरातून बोटीने मुंबईला आले होते. समुद्र ओलांडून आलेल्या, समुद्रापासून दूर छावणीत ठेवलेल्या माणसांच्या गावात आपल्या ‘परदेशी’ कपड्यांची हौस भागत होती. त्यांच्या समुद्राबद्दल आपण कधी विचारले नाही.

१९९१ नंतरच्या दशकात कॉलेजात असलेल्यांना या टी-शर्टने काय दिले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. डोंबिवलीतल्या कित्येक घरांचे गाव कोकणात. पण गावचा समुद्र म्हणजे सुकत घातलेली मासळी, ओढून ठेवलेल्या होड्या, नारळी पौर्णिमेची पूजा आणि ‘पाण्यात जाऊ नको’ ही आजीची ताकीद. किनारा ही कामाची, भीतीची आणि भक्तीची जागा होती. तिथे नुसते पडून राहावे, उघड्या अंगाने ऊन घ्यावे, मुलामुलींनी एकत्र भिजावे, ही कल्पनाच परकी. साडेसातच्या लोकलला लोंबकळणाऱ्या मुलाच्या छातीवरचा तो सूर्यास्त म्हणजे वेळापत्रकातून सुटका मागणारे एक निवेदन होते. दिवाळी पहाटे फडके रोडवर झब्बा आणि एरवी कॉलेजात हा टी-शर्ट, या दोन पोशाखांतून त्या पिढीने आपली दोन मने सांभाळली. मोकळ्या शरीराची आणि रिकाम्या वेळेची इच्छा या कपड्याने बोलून दाखवली. त्याला केवळ नक्कल म्हणून निकालात काढणारी टीका मला अपुरी वाटते.

माझा आक्षेप वेगळा आहे. ही इच्छा बोलून दाखवताना या चित्राने ज्या प्रदेशात मुक्काम केला, तिथले पाणी पुसून टाकले. कल्याण हे प्राचीन बंदर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्याच खाडीत आरमाराची जहाजे बांधायला घेतली. १८५४ साली रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोचली ती खाडीवर पूल घालून, आणि आजही धीमी लोकल कळवा, मुंब्रा, दिवा करत त्याच पाण्याच्या सोबतीने जाते. खिडकीबाहेर खाडी, खिडकीतल्या मुलाच्या छातीवर कॅलिफोर्निया, असा हा देखावा आहे. त्यातली खाडी आपल्याला ‘वास येतो’ एवढ्यापुरतीच ठाऊक.

पाण्यासोबत माणसेही पुसली गेली. या खाडीकाठाला स्वतःचा पोशाख होता. कोळ्यांचा कमरेचा रुमाल, कोळणीचे काष्ट्याचे लुगडे, मिठागरांत घोटाभर पाण्यात राबणाऱ्या आगऱ्यांचे आखूड वस्त्र. लाटेशी आणि चिखलाशी झगडण्यासाठीच घडलेले हे कपडे. वायानीच्या शिंप्याने शिवलेली चड्डी आणि कोळ्याचा रुमाल यांचे कूळ खरे तर एकच: दोन्ही पाण्यात शिरणाऱ्या शरीराच्या गरजेतून जन्मले. तरी एक जगभराचा रोजचा पोशाख झाला आणि दुसरा आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्यापुरता भाड्याने येतो. परक्या किनाऱ्याचे कपडे आपण ‘घालतो’. आपल्या किनाऱ्याचे कपडे आपण ‘सोंग’ म्हणून चढवतो. या भेदामागे बाजार आहेच, त्याहून अधिक जात आणि वर्ग आहे. हवाईच्या शरीराबद्दल वाटणारे आकर्षण दिवा-मुंब्र्याच्या शरीराबद्दल वाटू देणे आपल्या मध्यमवर्गाला परवडणारे नव्हते.

आणि हे पुसणे केवळ चित्रातले नाही. उल्हासनगरच्या जीन्स धुण्या-रंगवण्याचे पाणी वर्षानुवर्षे वालधुनीत गेले, वालधुनीतून कल्याणच्या खाडीत. त्यात इतर कारखान्यांचे आणि आपल्या घरांचे सांडपाणी मिसळले. हा प्रश्न हरित लवादापर्यंत आणि न्यायालयांपर्यंत गेला. कपडा विटका, ‘जुना’ दिसावा म्हणून जी धुलाई होते, तिचा मळ खऱ्या पाण्यात उतरतो. नव्या कपड्याला आठवणीचा रंग देण्याची किंमत खाडी भरते.

स्मरण आणि स्मरणरंजन यांत मी फरक करतो तो इथे. स्मरणाला ऋण असते. ज्याची आठवण येते त्याचे आपण काही लागतो. रंजनाला ऋण नसते, म्हणून ते इतके सुखाचे असते. कॅलिफोर्नियाचा किनारा आपल्याकडे काहीच मागत नाही. खाडी मागते: भराव थांबवा, कांदळवन राखा, सांडपाणी शुद्ध करून सोडा. छातीवर कोणता किनारा वागवायचा याची निवड आपण अजाणता केली, आणि ती बिनहिशेबी किनाऱ्याच्या बाजूने केली.

याला आता एक गमतीची कसोटी उपलब्ध आहे. या जुन्या धाटणीच्या कपड्यांवर माडाच्या जोडीने हटकून असतो तो गुलाबी फ्लेमिंगो, फ्लोरिडाची खूण म्हणून. हाच पक्षी, आपला रोहित, दर हिवाळ्यात हजारोंनी ठाण्याच्या खाडीत उतरतो. २०१५ साली तिथे त्याचे अभयारण्य जाहीर झाले; २०२२ साली ते रामसर यादीत गेले. ऐरोलीहून होडीतून तो पाहता येतो. तसला टी-शर्ट अंगात असलेल्या मुलाला छातीवरचा पक्षी कुठला म्हणून विचारावे. ‘ठाण्याचा’ असे उत्तर ज्या दिवशी सहज येईल, त्या दिवशी त्या कपड्यावर माझा काही आक्षेप उरणार नाही.