‘शृंखलाबद्ध प्रोमिथिअस’ : दोन कुंचले, एक वेदना

पीटर पॉल रूबेन्सने १६११-१२ च्या सुमारास आरंभिलेले ‘शृंखलाबद्ध प्रोमिथिअस’ हे चित्र १६१८ पर्यंत पूर्ण झाले. त्यातील गरुड मात्र फ्रान्स स्नायडर्सचा. त्यामुळे मानवाकृती रूबेन्सची, पक्षी स्नायडर्सचा अशी वाटणी करून समीक्षक मोकळे होतात. ही वाटणी अपुरी होय. डोके खाली, पाय वर अशा पडलेल्या देहाच्या चेहऱ्यावरच गरुडाचा पंजा रोवलेला आहे आणि प्रोमिथिअसची दृष्टी त्या गरुडावरच खिळलेली आहे. नखे एकाची, त्वचा दुसऱ्याची. वेदना कोणाची मानावी? सर डडली कार्लटन यांना १६१८ मध्ये पाठविलेल्या चित्रयादीत रूबेन्स हे चित्र स्वहस्ते काढलेले म्हणतो आणि लगेच गरुड स्नायडर्सचा असल्याचेही नमूद करतो. त्याला यात विसंगती जाणवलेली दिसत नाही; ती आपल्या एककर्तृत्वाच्या आग्रहातून आली आहे.