दहाव्या प्रयोगाचे भाडे

मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका चळवळीला नाटककाराचे नाव मिळाले नाही, दिग्दर्शकाचेही नाही. मिळाले ते एका शाळेचे. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके करायला सुरुवात केली. दिवसा पोरांचा कलकलाट, संध्याकाळी नाटक. सोयी बेताच्या, पण भाडे परवडणारे. पंधराएक वर्षे हे चालले आणि लोक त्याला ‘छबिलदास चळवळ’ म्हणू लागले. जागेचे नाव चळवळीला मिळाले, त्यामागे कारण आहे. नाटक लिहिणारे आणि करणारे आधीही होते. पडण्याची मुभा देणारी जागा मात्र त्यांच्याकडे नव्हती.

स्वतंत्र कलावंताला आधार द्यायचा म्हटले की आपण अनुदान, पुरस्कार, महोत्सव असे शब्द उच्चारतो. प्रायोगिक नाटकाची गेल्या पन्नास वर्षांची वाटचाल पाहिली तर वेगळेच दिसते. हे नाटक बक्षिसांवर कधी जगले नाही. ते जागेवर आणि पुढच्या तारखेवर जगले.

‘घाशीराम कोतवाल’चेच पाहा. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डिसेंबर १९७२ मध्ये ते रंगमंचावर आणले आणि १९ प्रयोगांनंतर थांबवले. ज्यांना ते थांबवणे मान्य नव्हते त्यांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, आणि १९८० मध्ये हेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेले. विसावा प्रयोग लावण्यासाठी नवी संस्था काढावी लागली, असाही हा प्रसंग सांगता येईल. १९९४ मध्ये महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटके चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात सलग नऊ तास सादर झाली, तीही ‘आविष्कार’कडूनच. नऊ तासांच्या नाटकाला तारीख देणारा व्यावसायिक निर्माता शोधून सापडला नसता. पुढे यातली नाटके व्यावसायिक रंगमंचावर आली आणि गर्दीत चालली. जोखीम एकाने घ्यायची आणि पीक दुसऱ्याने काढायचे, हा आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे. त्याबद्दल तक्रारही नाही. पण पेरणाऱ्याच्या बियाण्याचे पैसे कोणीतरी द्यायला हवेत.

आज चित्र काळवंडलेले नाही. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, ‘द बॉक्स’सारखी जागा आहे. कणकवलीसारख्या गावात वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानने स्वतःचे नाट्यगृह उभे केले आहे. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून नाटके उतरतात. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने पिढ्यान्‌पिढ्या नट-लेखक दिले. प्राजक्त देशमुखांची ‘देवबाभळी’ एकांकिका म्हणून जन्मली आणि नंतर संगीत नाटक होऊन व्यावसायिक रंगभूमीवर पोहोचली.

पण ‘देवबाभळी’ अपवाद ठरते, आणि दुखणे तिथेच आहे. स्पर्धेचे गणित एका प्रयोगाचे असते. तीन महिने तालीम, एक रात्र, एक करंडक, गुलाल. दुसऱ्या दिवशी नेपथ्य कुणाच्या तरी गच्चीवर जाऊन पडते. दुसरा प्रयोग लावायचा तर सभागृहाचे भाडे, प्रकाशयोजनेचे सामान, टेम्पो, जाहिरात आणि परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र एवढे सगळे उभे करावे लागते. यात नटाच्या ‘नाइट’चा, म्हणजे प्रयोगागणिक मानधनाचा, हिशेब कुठेच नाही, कारण प्रायोगिक नाटकात नाइट बहुधा नसतेच. नट मालिकेच्या चित्रीकरणातून सुटी मिळाली तर येतो. म्हणजे प्रायोगिक रंगभूमीचा सर्वांत मोठा देणगीदार कोणी उद्योगपती नाही, तर तिथे फुकट राबणारा नटच आहे. ही देणगी कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाही.

प्रायोगिक मंडळींचीही एक उलटतपासणी व्हायला हवी. त्याच दीडशे ओळखीच्या चेहऱ्यांसमोर प्रयोग करायचा, प्रयोगानंतर कट्ट्यावर एकमेकांची पाठ थोपटायची, आणि प्रेक्षक येत नाहीत म्हणून सुस्कारा टाकायचा, ही सवय जुनी झाली. जालन्याच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये आले. त्यातले बरेच नट शेतीवर जगणारे. शाहिरी जलशाचा बाज, बोलीतली भाषा आणि अंगावर येणारा प्रश्न. या नाटकाने प्रायोगिकांचा ठरलेला प्रेक्षक ओलांडून शेकडो प्रयोग केले. प्रेक्षक नाही असे म्हणणाऱ्यांना त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता तरी या नाटकाने दाखवला.

मग आधार नेमका कोणत्या गोष्टीला द्यायचा? माझे मत साधे आहे. निर्मितीसाठी दिले जाणारे पैसे पहिल्या रात्री संपतात, म्हणून पैसे प्रयोगांना द्यावेत. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या प्रयोगाचे भाडे जो देईल, त्याने त्या नाटकाला खरे जगवले. दहाव्या प्रयोगापर्यंत संहिता घासली जाते, नट मोकळा होतो, शेजारच्या गावाला बातमी पोहोचते. दुसरी गोष्ट जागेची. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या शाळांची सभागृहे संध्याकाळी कुलूपबंद असतात. एका शहरात अशी दोन सभागृहे नाममात्र भाड्याने, वर्षभराच्या ठरलेल्या तारखांसह उघडली, तरी एखाद्या नव्या महोत्सवापेक्षा जास्त काम होईल. छबिलदासही शाळाच होती.

तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्या हातातली आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर सरकार कर घेत नाही, आणि प्रायोगिक नाटकाचे तिकीट त्याहून बरेच स्वस्त असते. तरीही नाटकवाला मित्र भेटला की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘पास आहे का रे?’ पुढच्या वेळी तो प्रश्न विचारू नका. दोन तिकिटे काढा, आणि दुसऱ्या तिकिटावर अशा माणसाला न्या ज्याने प्रायोगिक नाटक कधी पाहिलेले नाही.