बक्षीस गाण्याला, रजा शब्दांना

मांजरा नदी आमच्या पाटोदा तालुक्यात उगम पावते. इथे ती एवढीशी, म्हैस आडवी बसली तर प्रवाह अडावा! पुढे लातूर, बिदर करीत तेलंगणात गोदावरीला मिळेपर्यंत मात्र चांगली थोराड होते. सिनेमातल्या गाण्याचा प्रवास नेमका उलटा झालाय.

फिल्मफेअरची पारितोषिकं १९५४ साली निघाली, तेव्हा संगीतकाराला मान होता, गीतकाराला नव्हता. १९५७ च्या 'प्यासा'बद्दल साहिरला बाहुली मिळाली नाही, कारण गीतकाराची बाहुलीच नव्हती. ती १९५९ साली निघाली आणि 'यहुदी'साठी शैलेंद्रकडे गेली. आता बाहुल्या उदंड झाल्या आहेत, शब्द तेवढे शोधावे लागतात.

२०२० साली संगीताच्या बक्षिसात 'कबीर सिंग'चाही वाटा होता. संगीतकारांची नावं पाच, त्यात एक तर जोडी! पाच चुलींवर पाच आचाऱ्यांनी रांधलेलं एका पंगतीत वाढलं, की मीठ कुणाचं कशात पडलं हे विचारू नये. त्याच वर्षी 'केसरी'च्या गीताला डावलून बक्षीस 'गली बॉय'ला गेलं. मनोज मुंतशिर रागावले आणि पुन्हा कुठल्याही पुरस्कार सोहळ्याला जाणार नाही म्हणाले. माझं मत 'केसरी'ला. पण रॅपमध्ये निदान शब्द ऐकू येतात, एवढं श्रेय द्यायला हवं.

आधी चाल, मग शब्द, हा रिवाज जुनाच. दोष त्याचा नाही. पूर्वी पडद्यावर नायक स्वतः तोंड उघडायचा, म्हणून ते शब्द त्याचे वाटावे लागत. आता नायक मोटारसायकलवर बसतो आणि गाणं मागून येतं, धुरासारखं. ते कुणाचं, कुणाला उद्देशून, कशाला पत्ता नाही.

यात नुकसान आम्हा सामान्यांचं झालं. ज्याला दोन ओळी धड लिहिता येत नसत, तो प्रेमपत्रात साहिर नाहीतर आनंद बक्षी घालून मोकळा व्हायचा. लग्नं जमली हो त्यावर! हल्लीची नामांकनांची यादी घ्या आणि बायकोला म्हणून दाखवता येईल अशी एक ओळ काढा. मी प्रयत्न केला. ती म्हणाली, "आधी दळण आणा."

परवा इथल्याच एका वरातीत पोरांनी बँडवाल्याकडे असल्याच एका बक्षीसवाल्या गाण्याची फर्माईश केली. त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं, चार फुंकरा मारल्या, खाली घेतलं आणि ढोलवाल्याकडे बोट केलं.

"हे त्याचं हाय, माझं न्हाई."