ससा, गाजर आणि तीन तारे

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, गाण्याच्या मैफलीचे होते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तर लग्नाच्या जेवणाचेही परीक्षण करतात, आणि तेही पंगतीत बसूनच. मग मुलांना विज्ञान, कोडिंग आणि इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या अ‍ॅपांनीच काय घोडे मारले आहे? त्यांच्याकडे समीक्षकांचे लक्ष जात नाही याचे कारण सोपे आहे. ज्याला अ‍ॅप कळते तो सात वर्षांचा असतो, त्याला परीक्षण लिहिता येत नाही. आणि ज्याला परीक्षण लिहिता येते तो सत्तरीचा असतो, त्याला अ‍ॅप उघडता येत नाही. आमच्या नेरूळच्या घरात या दोन्ही अवस्था एकाच सोफ्यावर शेजारी शेजारी बसत असल्यामुळे हे काम आम्ही वाटून घेतले आहे. उघडण्याचे खाते नातवाकडे, नाक मुरडण्याचे माझ्याकडे.

नवी मुंबई हे शहर आधी कागदावर जन्मले. १९७० साली सिडको स्थापन झाली, तिने खाडीकाठच्या गावांभोवती सेक्टर आखले, सेक्टरांना नंबर दिले आणि आम्हाला त्यात आणून बसवले. अशा गावात मुलांचे भविष्यही सेक्टरवार आखले जावे यात नवल नाही. पूर्वी लिफ्टमध्ये शेजारी भेटले की "गावाला जाऊन आलात का?" असे विचारायचे. आता "तुमचा कोडिंग करतो ना?" असे विचारतात. नाही म्हटले, तर घरात कोणी आजारी असल्यासारखा चेहरा करून आपल्या मजल्यावर उतरतात.

ही भीती काही आपोआप उगवलेली नाही, तिची रीतसर पेरणी झालेली आहे. २०२० साली सगळे घरात कोंडलेले असताना व्हाइटहॅट ज्युनियर या कंपनीच्या जाहिरातींत वुल्फ गुप्ता नावाचा एक मुलगा आला. कोडिंग शिकून त्याला म्हणे कोट्यवधींची नोकरी लागली. जाहिरातीगणिक त्याचे वय बदले आणि पगारही बदले. पुढे कळले की असा मुलगाच नाही, ते एक काल्पनिक पात्र आहे. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून कंपनीने पाच जाहिराती मागे घेतल्या. त्याच वर्षी बायजूजने ही कंपनी तीस कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०२४ साली खुद्द बायजूजवरच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. म्हणजे ज्यांनी आमच्या पोरांना पुढच्या वीस वर्षांचे गणित शिकवायचे, त्यांचे स्वतःचे चार वर्षांचे गणित चुकले! पण पालकांच्या पोटात पडलेला गोळा मात्र अजून तिथेच आहे. कंपन्या बुडाल्या तरी भीती तरंगते.

तर आता अ‍ॅपांकडे वळू. आमच्या टॅबवर आजमितीस अकरा अ‍ॅपे आहेत. जातीने ती तीनच.

पहिली जात कोडिंगची. हिच्यात एक ससा असतो आणि चौकोनांपलीकडे एक गाजर असते. पुढे, पुढे, उजवीकडे, पुढे, असे बाण ओळीने लावले की ससा चालत जातो, गाजर खातो आणि आकाशातून तीन तारे पडतात. पहिल्या दिवशी मला फार कौतुक वाटले. चौथ्या दिवशी नातवाची पद्धत लक्षात आली. तो डोळे अर्धवट मिटून भराभर बाण लावायचा, जमले नाही की पुसायचा, पुन्हा लावायचा. मी म्हटले, "अरे, जरा विचार कर."

"आजोबा, विचार केला की वेळ जातो. मग तारे कमी मिळतात."

विचार केल्याबद्दल दंड घेणारी शाळा मी आजवर पाहिली नव्हती.

दुसरी जात इंजिनिअरिंगची. नदीवर पूल बांधायचा आणि वरून ट्रक न्यायचा. पूल मोडला तर ट्रक नदीत पडतो, पण लगेच एक हसरे अस्वल "पुन्हा प्रयत्न करा!" म्हणते आणि नदी, पूल, ट्रक सगळे जिथल्या तिथे. मला आपला वाशीचा खाडीपूल आठवला. तो १९७३ साली झाला. काही वर्षांतच खाडीच्या खाऱ्या हवेने त्याच्या पोटातल्या पोलादी तारा गंजू लागल्या. तिथे हसरे अस्वल नव्हते. इंजिनिअरांना डोकी खाजवावी लागली, डागडुजी करावी लागली आणि शेवटी शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. आता तर तिसराही झाला आहे. गंज, वजन आणि खर्च या तीन गोष्टी वगळून जे उरते ते इंजिनिअरिंग नव्हे, ती रांगोळी.

तिसरी जात विज्ञानाची. कुंडीत बी टाका, थेंबाला बोट लावा, दहा सेकंदांत फूल! आमच्या बाल्कनीतल्या गवतीचहाला हे दाखवले पाहिजे, तो भलताच आळशी आहे. नातवाने खरोखरच्या वाटीत मूग भिजत घातले आणि अर्ध्या तासाने विचारले, "हे हँग झालेत का?"

हसलो खरा, पण ते हसू घशात अडकले. मूग आपल्या वेळेने येतात आणि ती वाट बघणे हेच विज्ञानातले निम्मे काम आहे, हे कुठले अ‍ॅप सांगणार?

सूनबाई ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिचा या बाबतीतला अधिकार माझ्याहून मोठा, म्हणून मी विचारले, "तू लहानपणी कुठल्या अ‍ॅपवर शिकलीस गं?"

"अहो बाबा, तेव्हा कुठली अ‍ॅपं? मी मामाचा टेपरेकॉर्डर उघडला होता."

"पुन्हा लागला का?"

"छे! मार मिळाला. पण आत काय असतं ते कळलं."

माझी तक्रार नेमकी इथे आहे. या तिन्ही जातींच्या अ‍ॅपांना उत्तर आधीच ठाऊक असते. गाजर कुठे आहे, पूल कसा टिकेल, फूल कधी येईल हे सारे कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी ठरवून ठेवलेले. पोराने फक्त ते ओळखायचे. याला आमच्या वेळी 'गाईड' म्हणत. गाईडला तारे नव्हते, एवढाच फरक.

ही तक्रार काही माझ्या सुपीक डोक्यातली नाही. अमेरिकेत सीमोर पॅपर्ट नावाचे गणिती होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा केली. तिच्यात एक कासव होते. ते हुकुमाप्रमाणे चाले आणि मागे रेघ सोडी. मात्र गाजर नव्हते! कासवाने कुठे जायचे ते मुलाने ठरवायचे. यंत्राने मुलाला चालवायचे नाही, मुलाने यंत्राला चालवायचे, हे त्यांनी १९८० सालच्या पुस्तकात लिहून ठेवले. चाळीसेक वर्षांत आपण काय केले, तर कासवाचा ससा केला. गोष्टीत शेवटी कोण जिंकते हे ठाऊक असूनही!

पण सगळेच अ‍ॅप असे नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पॅपर्ट ज्या एमआयटीत होते तिथूनच २००७ साली 'स्क्रॅच' आले, तेही फुकट. त्यात एक मांजर असते आणि रिकामा रंगमंच. नातवाने मांजराला चालवले, कडेला आपटले की वळ म्हणून सांगितले. मांजर वळले, पण उलटे होऊन, चारी पाय वर! तारे पडले नाहीत, अस्वलही आले नाही. नातू बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "असू दे. ते छतावरून चाललंय. त्याला पाल व्हायचंय." मग दोन दिवस खपून त्याने त्या मांजरासाठी छतावर एक माशी केली. अशी गोष्ट कुठल्या उत्तरसूचीत सापडायची?

तसेच 'फेट' नावाचे प्रयोग. नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी ते कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू केले. त्यात तारा, बॅटरी, दिवे हवे तसे जोडता येतात आणि भलतेच जोडले तर बॅटरीतून ज्वाळा निघतात. घरात हा प्रयोग सूनबाई करू देणार नाही, आणि तिचे बरोबर आहे. जिथे हात पोचत नाही किंवा पोचू नये, तिथे अ‍ॅपने जरूर जावे. पण जिथे हात सहज पोचतो तिथेही अ‍ॅपच का?

हाताचे काम बघायचे तर पुण्याच्या अरविंद गुप्तांकडे बघावे. कानपूरच्या आयआयटीतले इंजिनिअर, टेल्कोत नोकरी. १९७८ साली होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले, आणि तिथल्या बाजारात मिळणाऱ्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांतून त्यांनी भूमिती उभी केली. पुढे आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळणी करीत त्यांनी वर्षे काढली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे सारे भांडार इंटरनेटवर फुकट आहे.

म्हणून आम्ही दोघे सायकलच्या दुकानात गेलो. आल्यावर काड्यांचे गूल खरवडून काढले, नळीचे तुकडे कापले. चार काड्यांचा चौकोन केला. बोटाने दाबला, तर बिचारा तिरका होऊन आडवा पडला. मग तीन काड्यांचा त्रिकोण केला. दाबला, हलेना. नातवाने जोर लावला, काडी मोडली, पण त्रिकोण वाकला नाही. मी काही बोललो नाही. (सत्तरीत ही कला जमू लागते.) थोड्या वेळाने तो बाल्कनीत गेला. नवी मुंबईत समोर क्रेन नाही अशी बाल्कनी मिळणे कठीण. तिथून ओरडला, "आजोबा! सगळी क्रेन त्रिकोणांचीच आहे!"

हे त्याला कोणी विचारले नव्हते. मोल आहे ते एवढ्याचेच.

तेव्हा अ‍ॅप घेणाऱ्या पालकांना माझी शिफारस अशी. किती तारे देते ते पाहू नका. तुमच्या पोराला त्यात असे काही करता येते का, की जे अ‍ॅप करणाऱ्याच्याही ध्यानीमनी नव्हते? येत असेल तर खुशाल घ्या. नसेल तर तेवढ्या पैशात गाईड घ्या, निदान रद्दीत तरी जाईल.

आणि परीक्षणाच्या रिवाजाप्रमाणे तारे द्यायचेच असतील, तर माझे पाचही तारे त्या सायकलवाल्याला. त्याला तसे सांगितलेही. तो म्हणाला, "साहेब, तारे राहू द्या. वॉलट्यूबचे दहा रुपये द्या."