वाऱ्याचा कौल आणि वाहनाचे रूप : वातबोगद्याच्या दाव्याची चिकित्सा

लोणी भापकर (ता. बारामती) येथील यज्ञवराहाचे शिल्प पाहणारा अभ्यासक त्या रूपामागे कोणाची आज्ञा आहे, शास्त्राची, आश्रयदात्याची की शिल्पकाराच्या हाताची, असा प्रश्न सहज उपस्थित करतो. त्याच गावातून धावणाऱ्या वाहनांविषयी मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोटारीचे रूप वाऱ्याने घडविले, विंड टनेल अर्थात वातबोगद्यात ते सिद्ध झाले, असे उत्पादक सांगतात आणि आपले विद्यार्थी तेच प्रकल्प-अहवालात उतरवितात. प्रस्तुत लेखात या दाव्याची तपासणी करावयाची आहे.

वातबोगदा हा परीक्षक आहे. त्याला निर्माता मानणे ही पहिली गफलत होय. स्थिर ठेवलेल्या वाहनावर वा त्याच्या प्रतिकृतीवर ठरावीक वेगाने हवा सोडून तिचा रोध, उचल आणि बाजूचा दाब मोजला जातो. एडमंड रुम्प्लर याची १९२१ मधील थेंबाच्या आकाराची मोटार १९७९ मध्ये फोक्सवॅगनच्या बोगद्यात तपासली असता तिचा रोधगुणांक सुमारे ०.२८ आढळला. तिच्यानंतर कित्येक दशकांनी आलेल्या असंख्य मोटारींनाही हा आकडा गाठता आला नव्हता. तरीही या मोटारी जेमतेम शंभर तयार झाल्या. क्रायस्लरची १९३४ मधील ‘एअरफ्लो’ही ग्राहकांनी नाकारली. वाऱ्याचा कौल आणि समाजाचा कौल एक नसतो, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरी गफलत अधिक गंभीर आहे. रोधगुणांक ही सुटी संख्या आहे. प्रत्यक्ष रोध हा गुणांक, समोरील क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरतो. एक हजार किलो वजनाची, ०.३५ गुणांकाची आणि २.१ चौरस मीटर क्षेत्रफळाची मोटार उदाहरणादाखल घेऊ. ताशी ४० कि.मी. वेगाला हवेचा रोध सुमारे ५५ न्यूटन येतो. टायरचा रोध, त्याचा गुणांक ०.०१२ धरल्यास, सुमारे ११८ न्यूटन. ताशी १०० कि.मी. वेगाला हवेचा रोध ३४० न्यूटनांवर जातो. दोन्ही रोध समान होतात ते ताशी ६० कि.मी.च्या आसपास. म्हणजे गुणांक ०.३० वर आणल्यास द्रुतगती मार्गावर एकूण रोधात दहा टक्क्यांहून थोडी अधिक बचत होते, तर गावच्या रस्त्यावर साडेचार टक्के. जाहिरातीत गुणांक छापला जातो, वेग छापला जात नाही.

बारामतीच्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच औद्योगिक वसाहतीत आहे. पियाजिओच्या येथील कारखान्यातून ‘आपे’ ही तीनचाकी बाहेर पडते आणि २०१२ पासून ‘व्हेस्पा’ही. व्हेस्पाचा (१९४६) रचनाकार कोरादिनो दास्कानियो हा हेलिकॉप्टर बनविणारा विमान-अभियंता होता. हवेचे वर्तन त्याच्याइतके जाणणारे त्या काळी थोडेच असतील. त्याने काय केले? विमानाप्रमाणे पत्र्याच्या कवचालाच सांगाडा केले आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एका बाजूने धरले. चालकाच्या पायांपुढे मात्र त्याने रुंद ढाल उभी केली. केवळ रोध कमी करणे हेच उद्दिष्ट असते, तर ही ढाल त्याने काढून टाकली असती. परंतु कपड्यांवर चिखल उडू नये, ही गरज त्याने वाऱ्यापेक्षा मोठी मानली. १९६० च्या दशकात बजाज ऑटोने पुण्यात परवान्यावर हीच स्कूटर बनविली आणि महाराष्ट्रातील एका पिढीला ती ढाल घरच्या उंबऱ्याइतकी परिचित झाली. (त्या ढालीमागे उभे राहून प्रवास केलेली मुले आज प्राध्यापक आहेत.) वायुगतिकीचे ज्ञान असणे आणि वायुगतिकीचा देखावा करणे यांतील भेद यापेक्षा स्वच्छ क्वचितच दिसेल.

या युक्तिवादाला एक मर्यादा आहे व ती मान्य केली पाहिजे. विजेवरील वाहनात ब्रेक लावताना गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो. हवेत गेलेली ऊर्जा मात्र परत येत नाही. त्यामुळे खर्चात हवेचा वाटा तुलनेने वाढतो आणि एका चार्जमध्ये पल्ला किती, हा प्रश्न थेट आकाराशी येऊन भिडतो. महिंद्र समूहाने २०१५ मध्ये ज्या पिनिनफारिना संस्थेच्या खरेदीचा करार केला, तिने तुरीनजवळ १९७२ मध्येच पूर्णाकृती मोटारींसाठी वातबोगदा उभारला होता. अशा साधनाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. मात्र त्याचा निर्णय ज्या वेगाला व ज्या स्थितीला लागू आहे, त्या वेगासह व स्थितीसहच तो वाचला पाहिजे.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. कडब्याच्या पेंढ्या टपाच्या वर हातभर रचलेली आपे किंवा मागचे फळके उघडे टाकून ऊस नेणारी पिकअप यांचा गुणांक कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. तो काढण्यासाठी बोगदाही लागत नाही. सरळ, सपाट रस्त्यावर ठरावीक वेग गाठून गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, वेग कसा उतरतो त्याची दर सेकंदाला नोंद घ्यावी आणि वारा व चढ यांचा परिणाम वगळण्यासाठी हीच चाचणी उलट दिशेनेही करावी. प्रथम रिकामी आपे, मग कडबा भरलेली, शेवटी तेवढ्याच वजनाची पोती फळक्यांच्या आत बसविलेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतील फरक हा बव्हंशी आकाराचा असेल. अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना हे काम एका सत्रात करता येईल. मात्र पहाटे, रस्ता मोकळा आणि वारा पडलेला असताना.